अर्धी वीज

ढगाच्या माथ्यावरची एक वीज खांबानं ओढून घेतली, तर टेकडवाडी महिनाभर उजळणार होती आणि खांब सांभाळणाऱ्या सर्जेराव खिलारेचा रुबाब वर्षभर टिकणार होता. ढगाच्या बुडातली साधी वीज जेमतेम एक दिवस पुरायची. माथ्यावरची आली की समोरच्या टेकडीनंही खांब उभा करायचा आणि अर्धी-अर्धी घ्यायची, असा नियम होता. पण वीज ओळखणारं यंत्र एकट्या सर्जेरावाकडे होतं, आणि त्यात आज माथ्यावरचीच दिसत होती.

समोरच्या टेकडीचा खांब सांभाळणाऱ्या हौसाबाईचा फोन आला. "भाऊजी, कंची हाय?"

"ढगातल्या ढगात फिरतीय, वहिनी. खाली यायची नाही. खांब पाडा आणि जेवून घ्या."

"तुमचा उभा दिसतोय की."

"वाळत घातलाय."

तिनं खांब आडवा केला.

ढग पुढं सरकले, ऊन पडलं, आणि लांब गेलेल्या ढगाच्या माथ्यावरून मोकळ्या आभाळातून येऊन ती वीज अख्खी सर्जेरावाच्या खांबात शिरली. अर्धीसाठी बांधलेल्या बॅटऱ्या फुटल्या.

संध्याकाळी हौसाबाई आली. तिचे ओठ हलताना त्याला दिसले, आवाज काही आला नाही. मग तिनं पाटीवर लिहिलं, 'वाळला का खांब?'

टेकडवाडीचा महिन्याचा उजेड गेला, सर्जेरावाचे दोन्ही कान गेले. हौसाबाईचा गेला तो एक खडू.