खिडकीवरचे पावणेतीन डॉलर

फोन वाजत होता आणि उचलत कोणी नव्हतं. काल संध्याकाळपासून आपण तो किती वेळा लावला, याचा हिशेब नरेलनं सोडून दिला होता. तिकडे आतल्या माळरानात, कुराबिनला, सलग चौथ्या दिवशी पारा पंचेचाळिसाच्या वर होता. आणि घरात बाप एकटा, ब्याऐंशी वर्षांचा. मोबाइल घेतला की लोक फोन करतात, म्हणून त्यानं तो कधी घेतलाच नव्हता.

शेजारी सुट्टीसाठी समुद्रावर गेलेले. गावात पोलीस एकच, आणि तो वणव्याच्या बंदोबस्तावर. "संध्याकाळपर्यंत डोकावून येतो," म्हणाला. संध्याकाळपर्यंत!

"चल, निघू या," तिचा नवरा डॅरिल म्हणाला. "सिडनीतून बाहेर पडायलाच तास जातो, पुढे आणखी सात तास. पाण्याचा कॅन मी गाडीत ठेवलाय."

"थांब. बाबाची वीज तर तोडली नसेल ना? बिलाची मुदत काल संपली. या उन्हात पंखा बंद पडला असेल तर..."

"अगं, एका दिवसात कोणी वीज तोडतं का?"

"त्या कंपनीचं मला सांगू नकोस."

त्या कंपनीशी तिचं जुनं वाकडं होतं. बिल कागदावर मागवलं की त्याचे पैसे वेगळे. कार्डानं भरलं की वर टक्केवारी. पोस्टाच्या खिडकीवर रोख भरलं तर पावणेतीन डॉलर दक्षिणा. फुकट एकच गोष्ट होती, ती म्हणजे बँकेचं खातं कंपनीच्या हवाली करायचं आणि दर तिमाहीला तिला परस्पर पैसे काढू द्यायचे. नाताळात नरेलनं बापाच्या नावानं त्यासाठीचा सगळा अर्ज भरून ठेवला होता. फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं, तेवढ्यात बापानं तिचा हात धरला.

"माझ्या खिशात कंपनीचा हात नको."

"बाबा, वर्षाचे अकरा डॉलर पाण्यात जातात तुझे!"

"जाऊ देत. माझेच आहेत."

आता तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बापाच्या वीजखात्याचं पान शोधलं. घाईघाईत पासवर्ड दोनदा चुकला. डॅरिल दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. अखेर पान उघडलं. वीज चालू होती. बिलही भरलेलं होतं. आजची तारीख, आजची सकाळ, पोस्टाच्या खिडकीवर, रोख. आणि त्याखाली बारीक अक्षरात ती ओळ: खिडकीवर भरण्याचा जादा आकार, २.७५.

नरेल त्या ओळीकडे बघतच राहिली.

"डॅरिल, पावणेतीन डॉलर घेतलेत रे त्यांनी!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला रडू फुटलं.

"मग त्यात रडायचं काय?"

"अरे, पोस्टात गेला होता तो! आज! स्वतःच्या पायांनी!"

डॅरिलनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. नरेलनं डोळे पुसत कुराबिनच्या पोस्टात फोन लावला. तिथं खिडकीवर बसणारी बेव्ह तिच्या शाळेतली.

"बेव्ह, नरेल बोलतेय. आमचा बाबा..."

"इथंच आहे. मघापासून खिडकी अडवून उभा आहे. म्हणतो, चालत मी आलो, नोटा मी मोजल्या, मग आकार मला कसला लावता? कंपनीनं उलट मलाच काहीतरी द्यायला हवं, म्हणे. घे बाई, तूच समजाव."

"कोण?" बापाचा खणखणीत आवाज आला.

"बाबा! कालपासून फोन करतेय मी! होतास कुठे?"

"बोलिंग क्लबात. तिथं एसी आहे ना. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना रात्री तिथंच झोपवलं. काय घोरतात एकेक!"

"मला कळवायचं नाही?"

"कळवलं असतं तर काळजी करत बसली असतीस."

नरेलला हसावं की त्याच्या नावानं शंख करावा, ते कळेना. छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं.

मग बापाचा आवाज खाली आला. बेव्हला ऐकू जाऊ नये, असा. "बरं, ऐक. त्यांनी ते पावणेतीन घेतलेच. तुझंच खरं होतं, पोरी. दाब तुझं ते बटण. होऊन जाऊ दे एकदाचं."

बटण समोरच होतं. नाताळात भरलेला अर्ज तसाच जपून ठेवलेला, खाली निळं बटण. नरेलनं लॅपटॉप मिटला.

"नाही दाबणार," ती म्हणाली. "तू खिडकीवरच भरायचंस. ऊन असलं तर क्लबवाल्यांना गाडीनं सोडायला सांग. पण जायचं, आणि बेव्हशी भांडायचं. आकाराचे पैसे मी देत जाईन."

"तिकडेही ऊन डोक्यात गेलंय वाटतं," बाप म्हणाला. "अगं, वर्षाचे अकरा डॉलर होतात."

"जाऊ देत," नरेल म्हणाली. "माझेच आहेत."