दुसरा रोट

हेमांगीनं ताटावर हात आडवा धरला होता, तरी पार्वताबाईंनी बोटांच्या फटीतून दुसरा रोट सरकवलाच.

"खाय वं. पुढला साले सासरी जाशी, मंग कानबाईना रोट तुले भेटाव नही."

पंगतीत हसू पसरलं. पार्वताबाई म्हणजे हेमांगीची मोठी आई, थोरल्या काकांची बायको, माहेर साक्रीकडचं. त्यांनी वाढलेलं परत जात नसे. त्यात कानबाई ही खानदेशची देवी; श्रावणातल्या तिच्या उत्सवाचा हा प्रसादाचा रोट घरातल्यांनीच संपवायचा. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. हेमांगीनं तो खिरीशी खाल्ला. शेवटचा घास उतरला आणि डोक्यात सुरू झालं. सगळं बिघडलं आता. ऊठ. न्हाणीत जा, नळ सोड, ओकून टाक.

खीर वाढणाऱ्या तिच्या आईचा हात लेकीकडे पाहून थबकला. लेकीच्या आजाराचं बुलिमिया हे नाव घरात तिलाच ठाऊक होतं. पाचोऱ्याहून जळगावला, समुपदेशनासाठी लेकीबरोबर तीच जायची.

हेमांगी उठली नाही. जळगावच्या समुपदेशक वृषालीताई म्हणायच्या, विचार आला म्हणजे हुकूम सुटला असं नाही. आधी त्याच्याकडे पुरावा माग. तिनं मागितला. दोन रोटांनी काय बिघडलं? समोर मयुरीनं, चुलत बहिणीनं, तीन खाल्ले होते आणि ती आता विड्यासाठी भांडत होती. विचाराकडे पुरावा नव्हता. ओकायची उबळ मात्र हटेना. गळ्याशी येऊन उभीच.

"मोठी आई, मला उलटी करावीशी वाटतेय."

"कानबाईना परसाद बाधना का वं तुले?"

"बाधला नाही. मी खाते आणि मुद्दाम ओकते. आजार आहे तो. आज ओकणार नाही. ही उबळ जाईपर्यंत जवळ बसा फक्त."

आईनं डोळे मिटून घेतले. पार्वताबाईंनी वाढायचं ताट खाली ठेवलं, गुडघे धरत त्या शेजारी टेकल्या आणि हेमांगीचा खिरीनं चिकट झालेला हात तसाच आपल्या हातात घेतला.

"आठेच शे मी." इथंच बसून राहणार होत्या त्या.

देवीपुढे बायकांनी गाणं धरलं. गळ्याशी आलेलं आणखी चढलं, टोकाला जाऊन थांबलं आणि मग, कुणी काही न करता, हळूहळू खाली बसू लागलं. कपाळावरचा घाम सुकला.

"गई का?"

"गेली."

"मंग हाऊ अर्धा खाय. मयुरीनी ठेयेल शे." जुन्या सवयीनं पार्वताबाईंचा हात रोटाकडे गेलाच होता.

हेमांगी क्षणभर थांबली. आपल्याच आत कान लावून ऐकावं, तशी.

"नको, मोठी आई. पोट भरलं माझं."

पार्वताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात न सोडता, दुसऱ्या हातानं त्यांनी तो अर्धा रोट खिरीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.