कार्डावरचं कुंकू

कॉम्प्युटरवरच्या लिनक्सने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम व्यवस्थित बसला होता, पण ज्याच्यासाठी बसवला ते नवं ग्राफिक्स कार्डच त्याला सापडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बंगल्याचं थ्रीडी चित्र गिऱ्हाइकाला द्यायचं होतं. वृषालीने कॉम्प्युटर बंद केला, झाकण उघडलं आणि कार्ड अलगद उपसलं. खाचेत बसणाऱ्या त्याच्या सोनेरी दातांवर लाल डाग होता. बोट लावून पाहिलं, तर चक्क कुंकू!

"अण्णा, माझ्या कार्डाला कुणी हात लावला होता?"

ओसरीवर पटाशीला धार लावणारे सासरे थांबले. जन्म सुतारकीत गेलेला. "सून दिवसभर बसून बटणं दाबते, त्याला काय काम म्हणायचं?" असं येईल त्याला ऐकवायचे.

"परवा खंडेनवमीला तू माहेरी होतीस," ते म्हणाले. "करवत, रंधा पाटावर मांडला, तेव्हा हेही खोक्यातून काढून मांडलं. दात दिसले. म्हटलं, धार इथंच असणार. का, बिघडलं की काय?"

"नाही. पण पूजा तर हत्यारांची असते ना?"

"मग? तुझं हत्यार तेवढं उपाशी ठेवायचं?"

वृषालीने खोडरबराने दात स्वच्छ पुसले, देव्हाऱ्यातलं कुंकू आणून कार्डाच्या वरच्या पत्र्यावर एक बोट ओढलं आणि ते परत बसवलं. या खेपेला कार्ड लगेच सापडलं.

"अण्णा, झालं सुरू!"

"मग बोलत काय बसलीस?" पटाशीवरून नजर न काढता अण्णा म्हणाले. "कामाला लाग."