थोरली पाती

“थांबता कशाला माणिकराव? वाचा की खाली!” व्यंकटी ओरडला, आणि आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

माणिकराव भाट पारावर बही मांडून बसला होता. घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवायच्या आणि गावोगाव वाचून दाखवायच्या, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. पण चाळीस वर्षं या गावाकडं त्यांच्यातलं कुणी फिरकलं नव्हतं. व्यंकटीनं आधी परभणीचं रेकॉर्ड धुंडाळलं, निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचून घेतले. ते सगळे आज्यापाशीच संपायचे. शेवटी जिंतूरच्या बाजूला हा भाट हुडकला आणि फोन करकरून ऐन पोळ्याच्या सकाळी आणून बसवला. एका अंगाला व्यंकटी आणि त्याची बायको गोजरबाई, दुसऱ्या अंगाला योगीराज, मधे सगळी भावकी. व्यंकटी आणि योगीराज नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण मानाचं. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाची जायची, ही गावची रीत. थोरली पाती आमचीच, म्हणत योगीराजच्या घराण्यानं तीन पिढ्या दांडगाईनं जोडी पुढं काढली. व्यंकटीचा बाप मागून चालायचा आणि घरी येऊन पुरणपोळीला हात लावायचा नाही. नऊ वर्षांमागं मरताना म्हणाला, “एकडाव तरी आपले बैल म्होरं काढ रं.” तेव्हापासून व्यंकटीच्या जिवाला घोर. शेतात ट्रॅक्टर आला तरी त्यानं जोडी विकली नाही, ती या एका दिवसापायी.

आणि आज बहीनं निकाल दिला होता. मूळपुरुष रखमाजी. त्याला दोन ल्योक. थोरला धोंडजी, त्याच्या वंशात व्यंकटी. धाकटा लिंबाजी, त्याच्या वंशात योगीराज. व्यंकटीनं खिशातला गुलाल काढून स्वतःच्याच डोक्यावर ओतला. योगीराजचं तोंड उतरलं, पण गडी शब्दाचा पक्का. “बहीत हाय ते खरं. जोडी त्याचीच म्होरं,” तो म्हणाला.

भाट बही मिटायला लागला. पण व्यंकटीची एक अडचण उरलीच होती. मानाच्या जोडीपुढं जोडीच्या धन्याची आत्या पाण्याचा तांब्या घेऊन चालते. आत्या नाही तर मान नाही. व्यंकटीच्या बापाला सख्खी बहीण नव्हती, माहितीतल्या चुलत होत्या त्या वारल्या.

“भावकीत कुटं तरी एखादी आत्या आसंलच की! बगा, वाचा!”

माणिकराव वाचू लागला. वाचता वाचता बोटं मोजू लागला. मग त्यानं चष्मा काढून पुसला.

“तुमची पाती लय घाईची निगाली. पंधराव्या वर्षी लगीन, सतराव्या वर्षी ल्योक. रखमाजीपासून तुमी सहावे. धाकटी पाती निवांत. लिंबाजी तर आपल्या पुतण्याहून ल्हान. योगीराज चवथे.”

“मंग?”

“मंग काय! ते तुमच्या आज्याच्या बरोबरीचे. तुमचे चुलत आजोबा लागत्यात.”

पारावर एकच हशा झाला. अठ्ठावन्न वर्षांचा नातू आणि पन्नाशीचा आजोबा! गोजरबाई मात्र हसली नाही. उभा जन्म या भावकीची नाती सांभाळलेली सून ती. तिचं मोजून आधीच झालं होतं.

“आवो,” ती हळूच म्हणाली, “आजोबाची लेक आपली कोन?”

सगळ्यांच्या माना कट्ट्याच्या टोकाकडं वळल्या. तिथं पिंकी चिक्की खात बसली होती. योगीराजची नवसाची एकुलती लेक, तिसरीत शिकणारी, पुढचे दोन दात पडलेली. धाकट्या पातीत दोन पिढ्यांत तेवढीच एक मुलगी.

“आत्या,” भाट म्हणाला आणि त्यानं बही मिटली.

व्यंकटी मटकन खाली बसला. नऊ वर्षं ज्याच्या दारावरून मान फिरवून गेलो, त्याच्याच घरची आत्या मागायची? चुलीत गेला असला मान! मग त्याला न शिवलेलं पुरणपोळीचं ताट आठवलं, बाप आठवला, आणि घळाघळा रडूच आलं. तो उठला, योगीराजसमोर गेला आणि कंबर धरत धरत वाकला.

“आबा, आत्याला धाडता का?”

योगीराज पार गोंधळला. पायाशी गुलालानं माखलेलं टक्कल, त्यावर रागवावं तरी कसं? त्यानं व्यंकटीला दोन्ही हातांनी उचललं. “आरं येड्या, मला काय इचारायलास? मानकरीन ती हाय. तिला इचार.”

पिंकीनं उरलेली चिक्की तोंडात कोंबली आणि मान डोलावली.

चारला वाजंत्री सुरू झाली. अकरा जोड्या वेशीपाशी उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं व्यंकटीची, मानवतहून आणलेल्या झुली पांघरून. तिच्याही पुढं परकर खोचलेली पिंकी, दोन्ही हातांत तांब्या. ती ऐटीत तोरणाखालून गेली आणि व्यंकटी जागीच थबकला. पहिलं पाऊल यंदाही योगीराजच्याच घरचं पडलं होतं. त्यानं कासरा ओढला, बैल थांबले, मागच्या दहा जोड्या थांबल्या, वाजंत्रीसुद्धा थांबली.

पिंकीनं वळून पाहिलं.

“भिऊ नगंस, व्यंकटी,” ती म्हणाली. “आत्याच्या मागं मागं ये.”