परतीचा श्वास

“जोरात, ताई! अजून, अजून!” डॉक्टरबाई ओरडत होत्या. मालनताईंनी तोंडातली नळी काढली. फुंकर मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा पहिल्या दिवसापासून जागचा हललेला नव्हता.

अमिनो आम्लाची वाफ दिली तर दमा आटोक्यात येतो का, हे तपासायचा प्रयोग होता. खरं औषध कुणाला आणि नुसतं खारं पाणी कुणाला, हे डॉक्टरबाईंनाही ठाऊक नव्हतं. मालनताई मात्र ठासून सांगायच्या, “मला खरं औषधच मिळालंय. हल्ली मी मैदानावर पोरींबरोबर पळते!”

“मग फुंकताना मध्येच का थांबता?”

“थांबते कुठं? परतीपुरता श्वास राखून ठेवते.”

तरुणपणी कबड्डीत चढाईला त्यांचा हात धरणारी कुणी नव्हती. परत येऊन मध्यरेषा शिवण्याआधी दम संपला की बाद, हे त्या आजही पोरींना शिकवत होत्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “इथं परत यायचं नाहीये, ताई. सगळा सोडा.”

मालनताई नळी तोंडाजवळ नेऊन थांबल्या. दमा जडल्यापासून छाती पूर्ण रिकामी करायचं धाडस त्यांनी केलंच नव्हतं. गेलेला श्वास परत आलाच नाही तर?

मग त्यांनी पदर खोचला, मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत त्या फुंकत राहिल्या.

क्षणभर छातीत काहीच उरलं नाही. मग श्वास आपसूक आत आला, घरघर न करता.

डॉक्टरबाई वर चढलेल्या आकड्याकडे बघतच राहिल्या. मालनताईंनी पुन्हा नळी उचलली.

“तो आकडा राहू दे हो. आणखी एकदा फुंकू?”