आत सृष्टी आहे

देवरे सर फळ्यावर सशांच्या संख्येचा वक्र काढून त्याला स्पर्शिका ओढत होते, तेवढ्यात मागच्या दारातून बिबट्या वर्गात शिरला.

सृष्टी शेवटच्या बाकावर एकटीच बसली होती. तो तिच्या डोक्यावरून गेला. पांढुरकं पोट, उग्र वास, आणि पुढच्या बाकांवरून एकदम उठलेली किंकाळी. पोरं एकमेकांना तुडवत पुढच्या दाराकडे धावली. सृष्टी मात्र मागच्या दारातून बाहेर पडली. तिनं दार ओढलं, कडी घातली आणि मेंदीच्या कुंपणात कोसळली. आत सर ओरडत होते, "पळा! सगळे पळा!" मग त्यांचा आवाज फाटला.

ते दोन हजार तीन साल होतं. नाशिकच्या त्या कॉलेजात जीवशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या पोरांना पहिल्या वर्षी कॅल्क्युलस सक्तीचं झालं होतं. शिकवायला कळवणकडचे देवरे सर. कोरडा माणूस. पोरं नाइलाजानं बसायची, वहीत चित्रं काढायची. सृष्टी तेवढी भांडायची. तिला पुढे जंगलात, वन्यप्राण्यांमध्ये काम करायचं होतं. वाढीचा वेग, उतरणीचा वेग, सगळं तिच्या डोक्यावरून जायचं. आदल्याच तासाला ती उभी राहून म्हणाली होती, "जनावरं म्हणजे आकडे नव्हेत, सर. गणिताच्या माणसाला त्यांचा जीव काय कळणार?" सर नुसते हसले होते आणि त्यांनी पुढचं उदाहरण घेतलं होतं.

कुंपणाला धरून ती इमारतीला वळसा घालून पुढच्या बाजूला आली. व्हरांड्यासमोर गर्दी लोटली होती. वर्गातली पोरं कधीच मुख्य इमारतीत जाऊन दारं लावून बसली होती. ही माणसं वेगळी होती. सकाळपासून द्राक्षबागांतून ती बिबट्याच्या मागावर होती. हातांत कुऱ्हाडी, गज, काठ्या. अंगणात भांडी घासणाऱ्या भागुबाईचा खांदा त्यानं फाडला होता. तिचा मुलगा सहादू सगळ्यांच्या पुढे होता. त्यानं रॉकेलमध्ये भिजवलेली गोणपाटं आणली होती.

"काचा फोडा! जित्ता जाळा त्याला!"

कॉलेजच्या शिपायानं पुढच्या दारालाही बाहेरून कडी घातली होती. त्या दाराला पाठ लावून सर उभे होते. कपाळाचं कातडं भुवईवर लोंबत होतं. सगळा चेहरा रक्तानं माखला होता.

"मास्तर, बाजूला व्हा. माझ्या आईला फाडलंय त्यानं."

"आत मुलगी आहे," सर म्हणाले. "माझ्या वर्गातली. सृष्टी. मागच्या बाकावर होती. आग लावाल तर ती जळेल."

सृष्टी गर्दीत, त्यांच्या अगदी समोर उभी होती. सरांचं तोंड थेट तिच्याकडे होतं.

मग तिला उलगडा झाला. सर खोटं बोलत होते. एका जनावराला वाचवायला, तिच्या तोंडावर, तिचंच नाव घेऊन.

"खोटं बोलतोय मास्तर," सहादू म्हणाला. "आत कुणी असतं तर वरडलं नसतं का?" त्यानं काडी ओढली.

सृष्टीनं ओढणी तोंडावर घेतली, आवाज घोगरा केला आणि गर्दीत घुसून हंबरडा फोडला. "माझी बहीण हाय हो आत! नका पेटवू! पाया पडते तुमच्या!"

सहादूच्या बोटांना चटका बसला. काडी खाली पडली.

सर वळले आणि दाराची कडी चाचपू लागले. "मन्ही पोर शे मझार!" ते ओरडले. "सोडा माले, मी जास मझार!" पोर आत आहे, मला आत जाऊ द्या, म्हणत होते; त्यांच्या तोंडून अहिराणी आजवर कुणी ऐकली नव्हती. लोकांनी त्यांना मागे खेचलं. ते एकाच्या हाताला कडकडून चावले. सर काय नाटक वठवतात, असं सृष्टीला वाटलं, आणि ती आणखी मोठ्यानं रडू लागली.

वनखात्याची माणसं दुपारी आली; तोवर सर दारासमोरून हलायला तयार नव्हते. झरोक्यातून त्यांनी बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं. जाळ्यात गुंडाळलेला बिबट्या गाडीत गेला. जिवंत. मग सहादू वर्गात शिरला. बाकं आपटल्याचे आवाज आले. तो बाहेर आला.

"आत कुणी नाय."

पहिला गज सरांच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगडीत. सर खाली पडले. मग लाथा, काठ्या, ज्याला जे सापडलं ते. "फसवलं मास्तरनं! जनावरासाठी फसवलं!" सर तशातही एकच बोलत होते, "बाकाखाली बघा... नीट बघा रे, बाकाखाली असेल..." सृष्टीला ओरडून सांगायचं होतं, मीच सृष्टी. पण तिचे पाय मागे मागे गेले. पोलिसांची गाडी आत शिरली, तेव्हा ती फाटकाबाहेर पोचली होती.

धीर गोळा करून ती दवाखान्यात गेली, तोवर दोन दिवस उलटले होते. सरांचा एक हात प्लॅस्टरमध्ये होता आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

"सर, मी सृष्टी."

सरांचा मोकळा हात हवेत उठला. चाचपडत तिच्या चेहऱ्यावर आला. कपाळ, नाक, हनुवटी.

"आहेस? आहेस ना गं तू?" ते म्हणाले. "डोळ्यांत रक्त गेलं होतं, मला काही दिसेना. आत किती हाका मारल्या तुला. तू ओ दिली नाहीस. मला वाटलं, संपलं."

सृष्टीनं पलंगाची कड घट्ट धरली.

"आणि तुझी बहीण गं?" सर म्हणाले. "फार रडत होती बिचारी. तिला सांगितलं का कुणी, तू सुखरूप आहेस म्हणून?"