उणे एक

हिलाल नानांनी रक्तदात्याचं कार्ड पडद्याशेजारी धरलं. कार्डावर भिकन पाटील, बी निगेटिव्ह. पडद्यावर भिकन पाटील, बी पॉझिटिव्ह.

धुळ्याच्या त्या रक्तपेढीत नानांची चोवीस वर्षं रक्तगट तपासण्यात गेली होती. सोमवारपासून कार्डं कपाटात जाणार होती आणि दात्यांची यादी कॉम्प्युटर सांभाळणार होता.

"मशीन खोटं बोलस का, ताई?" त्यांनी विचारलं.

पेढीचा कॉम्प्युटर बघणाऱ्या सुनंदाने प्रोग्राम उघडला. तो पुण्याहून फ्लॉपीवर आला होता, माणसाला वाचता येईल अशा मूळ मजकुरात. कंपायलर चालवून तो इथल्या मशीनच्या भाषेत उतरवायचं काम तिचं. तिने मजकूर दोनदा वाचला. पॉझिटिव्हला एक, निगेटिव्हला उणे एक. चूक कुठेच नव्हती.

तिने पुण्याला फोन लावला. प्रोग्राम लिहिणारे दांडेकर समजुतीच्या सुरात म्हणाले, की हा कंपायलर हजारो लोक वापरतात, तो चुकत नसतो; तुमच्याच हातून काही बदललं गेलं असेल.

सुनंदाने वाद घातला नाही. पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्यात उणे एक ठेवायचा आणि परत वाचायचा, एवढंच. साधा उतरवला तेव्हा उणे एक आला. मग कंपायलरला वेग वाढवायला सांगून तोच उतरवला, तर आले दोनशे पंचावन्न. मशीन उणे एक ज्या खुणेने साठवतं, तीच खूण चिन्ह न बघता वाचली तर दोनशे पंचावन्न होते; वेगाच्या नादात कंपायलर चिन्ह बघतच नव्हता, आणि शून्याच्या वरचं सगळं पॉझिटिव्ह ठरत होतं.

वेग सोडणं परवडणारं नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस असताना यादी रेंगाळून चालणार नव्हती. म्हणून तिने उणे एकच काढून टाकला. निगेटिव्हला दोन, आणि तपासणीची ओळही बदलली: एक आला तरच पॉझिटिव्ह, दोन आला तर निगेटिव्ह. पुन्हा उतरवलं. नाना निगेटिव्हची एकशे बारा कार्डं एकेक करून पडद्याशी ताडत बसले. शेवटचं कार्डही जुळलं तेव्हा ते खाली ठेवून म्हणाले, "बठ्ठं बराबर शे."

तिने पुन्हा फोन केला. पाच ओळी दांडेकरांनी तिकडे चालवून पाहिल्या. तिकडेही दोनशे पंचावन्नच आले. मग त्यांनी बदललेल्या ओळी सांगायला सांगितल्या. हाच प्रोग्राम आणखी चार रक्तपेढ्यांत जायचा होता. तिने ओळी सांगितल्या आणि वर लिहिलेली टीपही वाचली: कंपायलर इथे चुकतो, हा दोन बदलू नये.

टीप गाळू या, दांडेकर म्हणाले. बरं दिसत नाही.

"टीप राहू द्या, साहेब," सुनंदा म्हणाली. "नाहीतर पुढचा हुशार माणूस माझा दोन खोडून पुन्हा उणे एक करील."

"पण खाली कुणाचं तरी नाव लागेल. उद्या कोणी विचारलं तर?"

"माझं लिहा. सुनंदा पाटील, रक्तपेढी, धुळे. आणि ज्याला पटणार नाही, त्याने आधी इथे फोन करावा."